जुन्या एसयूव्हीचं स्टीअरिंग थरथरतंय? बॅलन्सिंग करूनही हादरे परत येत असतील तर या क्रमाने तपासा

वापरलेली एसयूव्ही घेतली, शहरात नीट चालते, पण मोकळ्या रस्त्यावर ताशी ८०-९० च्या पुढे गेली की स्टीअरिंग हातात थरथरायला लागतं. बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) करून आणलं, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) झालं, कुणीतरी शॉकॲब्सॉर्बर बदलायला लावले, पैसे गेले आणि थरथर तशीच राहिली. ही तक्रार असलेल्या गाड्या मी बऱ्याचदा दुरुस्त केल्या आहेत. गाडीला हात लावण्याआधी मी मालकाला एकच विचारतो: थरथर नेमकी कधी येते आणि शरीराला कुठे जाणवते? याचं नीट उत्तर मिळालं की अर्धं काम झालं.

बहुतेक गाड्यांत दोष चाकात, टायरमध्ये किंवा चाक जिथे बसतं त्या हबच्या तोंडावर निघतो. तो शोधायला हवेचा गेज, पाना, तारेचा ब्रश आणि तासभर वेळ पुरतो. उरलेल्या थोड्या गाड्यांत मात्र तशाच थरथरीमागे आतून सुटत चाललेला टायर किंवा निखळायला आलेला बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) असतो. म्हणून "जुनी गाडी आहे, थोडं हलणारच" असं म्हणून ही तक्रार मागे टाकू नका. गाडी जुनी असली तरी सुस्थितीतलं स्टीअरिंग थरथरत नाही.

आधी लक्षणं ओळखा

शेजारी कुणाला तरी बसवा, त्यांना लिहून घ्यायला सांगा आणि रिकाम्या, सरळ, चांगल्या रस्त्यावर एक फेरी मारा.

- ८० ते ११० च्या दरम्यान स्टीअरिंग थरथरतं, त्याखाली आणि बऱ्याचदा त्यावर शांत असतं: पुढच्या चाकांचं बॅलन्स, रिम किंवा टायरची गोलाई.
- वेग तोच, स्टीअरिंग शांत, पण सीट आणि पायाखालचा पत्रा हलतो: मागची चाकं. अगदी बारीक, मुंग्या आल्यासारखी थरथर असेल तर प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद ॲक्सलकडे नेणारा लांब दांडा).
- फक्त ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग किंवा पेडल धडधडतं: ब्रेक डिस्क.
- २०-४० च्या वेगातच गाडी डावी-उजवी डुलते किंवा लयीत "धप धप" जाणवतं: टायरच्या रबराखालचा स्टीलचा पट्टा सुटलेला असू शकतो. हे सगळ्यात धोकादायक लक्षण.
- ॲक्सिलरेटर दाबला की थरथर, पाय काढला की बंद: ॲक्सलचा आतला सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा वाकता सांधा).
- वेगाबरोबर वाढणारी घरघर, जी एका बाजूच्या वळणावर वाढते आणि दुसऱ्या बाजूला कमी होते: चाकाचं बेअरिंग.
- खड्ड्यावरून किंवा पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर स्टीअरिंग अचानक जोरजोरात डावी-उजवीकडे झटके मारतं आणि गाडी हळू केल्याशिवाय थांबत नाही: पुढे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असलेल्या गाड्यांचा आजार, त्याबद्दल पुढे.
- गाडी उभी असतानाही हादरे: इंजिन किंवा त्याचं माउंटिंग. चाकं तपासत बसू नका.

थरथर ठरावीक वेगालाच का येते, हे समजलं की पुढच्या तपासण्यांचा क्रमही पटतो. एसयूव्हीच्या नेहमीच्या मापाच्या टायरचा, समजा २३५/६५ आर१७ चा, घेर सुमारे २.३ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटरला असं चाक सेकंदाला साधारण १२ वेळा फिरतं. चाक, हब आणि सस्पेन्शनचा स्प्रिंगखालचा भाग यांची स्वतःची कंपनसंख्याही सेकंदाला १० ते १५ च्या आसपास असते. दोन्ही जुळल्या की लहानसा दोष मोठा होऊन हातापर्यंत पोचतो, वेग पुढे गेला की ओसरतो. त्यामुळे १२० ला गाडी शांत झाली तरी दोष तिथेच असतो आणि सांध्यांवर आघात करत राहतो. आणि दोष तरी केवढा लागतो? रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असेल तर १०० च्या वेगाला तो चाकाला सुमारे पावणेचार किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो, सेकंदाला १२ वेळा.

फुकटातल्या तपासण्या: नट, हवा, चिखल

पहिला नंबर नटांचा. कुठल्याही दुरुस्तीआधी, गाडी जमिनीवर टेकलेली असताना, चारही चाकांचे नट पान्याने तपासा. थरथर एकाएकी सुरू झाली असेल आणि काही किलोमीटरांत वाढत गेली असेल, त्यातही नुकतंच चाक काढून बसवलं असेल, तर ढिल्या नटाचीच शंका आधी घ्या. नटापासून बाहेरच्या दिशेने गंजाचे ओघळ दिसत असतील तर तो नट बरेच दिवस हलतोय. आवळायचे ते समोरासमोरच्या क्रमाने, चांदणी काढल्यासारखे, आणि टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना). आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असतो. अनेक एसयूव्हींना तो १०० ते १४० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात असतो, पण अंदाजाने न जाता स्वतःच्या गाडीचाच पाहा. हवेच्या गनने धडाधड आवळलेले नट कमी-जास्त ताणले जातात, आणि तो असमान ताण डिस्कलाही किंचित वाकवतो. चाक बसवल्यानंतर ८०-१०० किलोमीटर चालवून नट पुन्हा एकदा तपासायचेच.

वापरलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहा. आधीच्या मालकाने नंतर अलॉय व्हील बसवली असतील, तर नट त्या अलॉयचेच आहेत ना? काही नटांची बैठक शंकूच्या आकाराची असते, काहींची गोल, काहींची सपाट. चुकीच्या बैठकीचा नट घट्ट वाटतो पण चाकाला मध्यावर धरत नाही आणि पुन्हा पुन्हा सैल होतो. स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) तुटलेला किंवा रिमचं भोक लांबट झालेलं दिसलं तर गाडी तिथेच उभी करा. अशी गाडी "हळू चालवत" गॅरेजपर्यंत नेणंसुद्धा चुकीचं आहे.

मग हवा. टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना मोजा. योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा कमाल दाब असतो, तो भरायचा नसतो. जुन्या एसयूव्हींमध्ये गाडी मऊ चालावी म्हणून हवा कमी ठेवलेली मला बऱ्याचदा आढळते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत जास्त वाकतो, वाकल्याने तापतो आणि तापल्याने रबर आणि आतल्या स्टीलच्या पट्ट्यांमधली पकड सुटत जाते. हे किती गंभीर होऊ शकतं ते २००० साली अमेरिकेत दिसलं. ऑगस्टमध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले, त्यांतले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीवर होते. वेगात असताना ट्रेड (टायरचा नक्षीचा थर) सुटून गाड्या उलटल्या, माणसं गेली. फोर्डने सांगितलेला २६ पीएसआय दाब कमी होता की टायरच सदोष होते यावर दोन्ही कंपन्यांत जाहीर वाद झाला. त्याच वर्षी तिथे टायरसुरक्षेचा नवा कायदा झाला, आणि पुढे प्रत्येक नव्या मोटारीत हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली. तुमच्या गाडीत तो पिवळा दिवा लागत असेल आणि मागच्या मालकाने "सेन्सर खराब आहे" म्हणून सांगितलं असेल, तर त्यावर विसंबून राहू नका. गेज लावूनच पाहा.

तिसरी गोष्ट चिखल. कच्च्या रस्त्यावर गेलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल चिकटून बसतो, बाहेरून दिसत नाही. टॉर्च लावून आतून पाहा आणि पाण्याच्या जोराने धुवा. बॅलन्सची वजनं पडल्याच्या खुणाही इथेच सापडतात: गोंदाचा स्वच्छ चौकोनी डाग आणि वजन गायब. शिवाय टायरमध्ये पंक्चर थांबवण्याचं द्रव भरलंय का, हे आधीच्या मालकाला विचारा. ते आत साचतं आणि जागा बदलतं, त्यामुळे मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं. बॅलन्सिंग टिकत नाही या तक्रारीमागे हे कारण निघालेलं मी पाहिलंय, आणि टायर उघडल्याशिवाय ते दिसत नाही.

गाडी बरेच दिवस एकाच जागी उभी होती का? मग टायर खालच्या बाजूने किंचित सपाट होतात. १५-२० किलोमीटर चालवून थरथर निघून गेली तर काळजी नको. रोज पहिल्या किलोमीटरपासून शेवटपर्यंत राहत असेल तर पुढे चला.

टायर: इथे घाई करू नका

वापरलेल्या गाडीच्या तपासणीत सगळ्यात जास्त वेळ मी टायरवर घालवतो.

आधी वय. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्यातले शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पूर्ण क्रमांक एकाच बाजूला असतो, दिसला नाही तर टायरची आतली बाजू पाहा. चारही टायरचे आणि स्टेपनीचे अंक लिहून घ्या. काही वाहन कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. टायर कंपन्या १० वर्षं ही शेवटची मर्यादा मानतात, नक्षी कितीही शिल्लक असली तरी. विकण्याआधी चमकवलेला काळा टायर डोळ्यांना फसवतो, हा क्रमांक फसवत नाही. चार चाकांवर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर असतील तर फोर-व्हील ड्राइव्हच्या दृष्टीनेही ते वाईट आहे, कारण घेर वेगळे असले की ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागांवर सतत ताण येतो.

मग आकार. टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर आतले दोरे तुटलेले आहेत. त्याला दुरुस्ती नाही, बदलणं एवढाच उपाय. नक्षीवरून तळहात हळूच फिरवा (हातमोजा घालून, कारण तार बाहेर आलेली असू शकते) आणि कुठे उंचवटा लागतो का पाहा. नक्षीची एखादी रेघ एका जागी वाकडी होत असेल किंवा एखादाच भाग जास्त झिजला असेल, तर खालचा स्टीलचा पट्टा सुटतोय. तसं असेल तर तपासणी तिथेच थांबवा, तो टायर काढा आणि स्टेपनी लावा. असा टायर मशीनवर शून्य बॅलन्स दाखवू शकतो, कारण मशीनवर त्याच्यावर गाडीचा भार नसतो. "आत्ताच बॅलन्स केलंय" हे ऐकून टायरवरची शंका सोडू नये, ती याचसाठी.

झिजण्याची तऱ्हाही बोलते. दोन्ही कडा खाल्ल्या असतील तर हवा कमी होती, मध्य खाल्ला असेल तर जास्त. एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा सांधा ढिला आहे. खळगे पडल्यासारखी, जागोजागी लाटांची झीज असेल तर शॉकॲब्सॉर्बर थकलाय किंवा बुश (सांध्यातली रबरी गादी) गेलंय. नक्षीतल्या छोट्या टेकड्यांना, म्हणजे १.६ मिलिमीटरच्या खुणांना, रबर येऊन भिडलं असेल तर बोलण्यासारखं काही उरत नाही.

आता गोलाई. गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि पुढचं एक चाक जॅकने उचलून खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालू नका. नक्षीसमोर स्क्रू-ड्रायव्हर स्थिर टेकवून चाक हाताने फिरवा आणि फटीकडे पाहा. फट दीड मिलिमीटरपेक्षा जास्त उघड-झाक होत असेल तर टायर किंवा रिम गोल राहिलेला नाही. मग टोक रिमच्या कडेपाशी न्या: तिथेही फट बदलत असेल तर रिम वाकलाय, तिथे स्थिर असेल तर टायर.

चाकांची अदलाबदल आणि खरं बॅलन्सिंग

पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून तीच फेरी पुन्हा मारा. थरथर स्टीअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष चाकातच आहे, सस्पेन्शनचे भाग बदलण्याची गरज नाही. थरथर जागेवरच राहिली तर चाकं निर्दोष, दोष हबपासून आत आहे. या एका चाचणीने अनेकांचा लोअर आर्मचा (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचा) खर्च वाचला आहे. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर मात्र ही चाचणी करता येत नाही.

चाक काढलंच आहे तर हबचं तोंड पाहा. तिथे गंजाची पापुद्र्यासारखी थर असते. चाक त्यावर किंचित तिरकं बसतं आणि मशीनवर कितीही छान बॅलन्स केलं तरी गाडीवर थरथरतं. तारेच्या ब्रशने हब आणि रिमची बैठक चकचकीत करा. बाहेरून घेतलेल्या अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मधली फट भरणारी रिंग बसवलेली हवी. ती नसली की चाक दर वेळी वेगळ्या मध्यावर बसतं, आणि "दर वेळी बॅलन्सिंग करून आणलं की आठवडाभरच टिकतं" ही तक्रार तयार होते.

बॅलन्सिंगला गेलात तर समोर उभे राहा आणि तीन गोष्टी करून घ्या. जुनी सगळी वजनं काढून शून्यापासून सुरुवात. मशीनवर चढवण्याआधी रिमचं मधलं भोक स्वच्छ पुसणं. आणि शून्य आल्यावर चाक सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा घट्ट करून मोजणं. दुसऱ्यांदाही शून्याजवळ आकडा आला तर काम बरोबर. १०-१५ ग्रॅम दाखवत असेल तर चाक मशीनवरच मध्यावर बसलेलं नव्हतं आणि पहिलं शून्य खोटं होतं. रोलर दाबून, भार देऊन मोजणारं मशीन जवळपास असेल तर हट्टी थरथरीसाठी तेच वापरा.

अलाइनमेंटबद्दल एक स्पष्ट मत: थरथरीसाठी अलाइनमेंट आधी करू नका. कोन बिघडले की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर खाते, थेट थरथरत नाही. ढिल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकतं. सगळे सांधे तपासून झाल्यावर, शेवटी. आणि तेव्हाही आधीचा आणि नंतरचा छापील अहवाल मागा. डाव्या-उजव्या बाजूच्या कॅस्टर किंवा कॅम्बर या चाकाच्या कोनांमध्ये मोठा फरक असेल आणि तो जुळवता येत नसेल, तर एखादा भाग वाकलेला आहे. म्हणजे गाडीला पूर्वी मार लागलाय, विकणाऱ्याने काहीही सांगितलेलं असो.

फक्त ब्रेकवर धडधड

याला सगळे "डिस्क वाकली" म्हणतात. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी फेराभर सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा लागणारा, दोन-तीन शतांश एवढा फरकसुद्धा पेडलला जाणवतो. हा फरक येतो कुठून? पुन्हा तेच हबचं तोंड. गंजावर बसवलेली डिस्क किंचित डुलत फिरते, दर फेरीत एकाच जागी पॅडला (डिस्क दाबणाऱ्या ब्रेकच्या गादीला) घासते, आणि काही हजार किलोमीटरांत तिथली जाडी कमी होते. म्हणून नवी डिस्क घातल्यावर काही महिन्यांनी धडधड परत आली असेल, तर तिसरी डिस्क घेण्याआधी हब साफ केला होता का आणि नट टॉर्क पान्याने आवळले होते का, हे विचारा.

घरी काय पाहायचं: डिस्कवर निळे-काळे डाग, भेगा, कडेला उभी राहिलेली धार. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर तिची किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली गेलेली डिस्क घासून वापरत नाहीत. आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजलेत का पाहा. एकच संपला असेल तर कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना अडकल्या आहेत. फेरीनंतर एकच चाक दुसऱ्यांपेक्षा खूप तापलं असेल, जळका वास येत असेल, तर कॅलिपर सुटत नाहीये. तापलेलं चाक हाताने चाचपू नका, जवळ हात नेला तरी धग कळते. पिना साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावणं अनुभवी माणसाला जमतं. कॅलिपर उघडणं, पाइप सोडणं, ब्रेक ऑइल काढणं हे शिकलेलं नसेल तर करू नका. पेडल स्पंजासारखं लागत असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर गाडी चालवायचीच नाही.

सांधे आणि बुश

चाकं निर्दोष, ब्रेकवर धडधड नाही, तरी थरथर आहे. आता जोडीला एक माणूस लागेल.

पुढचं चाक उचलून, स्टँडवर, घड्याळातल्या ९ आणि ३ वर दोन हात ठेवून आलटून-पालटून ढकला. टक टक जाणवलं तर दोष स्टीअरिंगच्या सांध्यांत: टाय रॉड एंड किंवा स्टीअरिंग रॅकचा आतला सांधा. मग १२ आणि ६ वर. इथे प्ले (ढिली हालचाल) लागला तर जोडीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग ढिलं आहे, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. काही सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या दाबामुळे बॉल जॉइंटचा प्ले लपतो, त्यामुळे इथे काही सापडलं नाही म्हणजे सांधा शाबूत आहे असं समजू नका. बेअरिंगवर शंका असेल आणि सोबत एबीएसचा दिवा अधूनमधून लागत असेल तर दोन्हींचं मूळ एक असू शकतं, कारण अनेक गाड्यांत चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बेअरिंगपाशीच असतो.

दुसरी चाचणी मला जास्त भरवशाची वाटते. गाडी जमिनीवर, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. जोडीदार स्टीअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवतो, तुम्ही बाजूला बसून टॉर्चने एकेक सांधा पाहता. एक भाग हलतोय आणि त्याला जोडलेला दुसरा उशिरा हलतोय, तिथे दोष. हात आत घालायचे नाहीत.

लोअर आर्मचे बुश फाटलेत का पाहा. ब्रेक लावताना आणि सोडताना "टक" असा एकेकटा आवाज येतो तो बहुधा यांचाच. ओडोमीटर कमी दाखवत असेल म्हणून रबर नवं असतं असं नाही. रबर वयाने कडक होतं, उभ्या गाडीतही. शॉकॲब्सॉर्बर तेलाने ओला असेल तर गेलेला. बोनेट दाबून गाडी हलवून पाहण्याची जुनी पद्धत जड एसयूव्हीत फारसं सांगत नाही.

ज्या गाड्यांना पुढे सलग ॲक्सल आहे, उदाहरणार्थ जीप रँग्लर किंवा सुझुकी जिम्नी, त्यांत एका चाकाचा हादरा थेट दुसऱ्याला पोचतो आणि एका खड्ड्याने सुरू झालेली डुगडुग स्वतःलाच वाढवत नेते. असं झालं तर स्टीअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा आणि हळूहळू बाजूला थांबा. अचानक जोराचा ब्रेक मारू नका. दोष बहुतेक ट्रॅक बारच्या (ॲक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्याच्या) बुशमध्ये, त्याच्या बोल्टच्या मोठ्या झालेल्या भोकात किंवा बॉल जॉइंटमध्ये असतो. नवा स्टीअरिंग डँपर (स्टीअरिंगचे झटके शोषणारा भाग) घातला की हे काही काळ दबतं. विकायला काढलेल्या गाडीत बाकी सगळं जुनं आणि फक्त डँपर चकचकीत नवा दिसला तर तिथेच सावध व्हा. गाडी उंच केलेली, मोठे टायर घातलेले असतील तर कॅस्टरचा कोन कमी झालेला असू शकतो, तो मोजल्याशिवाय भाग बदलू नयेत.

शाफ्ट आणि सीव्ही जॉइंटबद्दल थोडक्यात: सीव्हीचं रबरी बूट फाटून आजूबाजूला ग्रीस उडालेलं असेल तर दिवस मोजायला सुरुवात करा. शाफ्टच्या क्रॉसभोवती (त्याच्या सांध्याभोवती) तांबूस गंजाची पूड दिसली तर त्यातलं ग्रीस संपलंय. गाडी उभी असताना हादरे आणि इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. लुकलुकणाऱ्या दिव्यावर गाडी दामटली तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (धूर शुद्ध करणारा भाग) जातो.

इथे स्वतःचं काम थांबवा

पुढचं काही आढळलं तर गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या: तुटलेला स्टड, टायरचा फुगा किंवा सुटलेला पट्टा असून स्टेपनीही वापरण्याजोगी नसणं, हाताला स्पष्ट लागणारा बॉल जॉइंटचा प्ले, स्टीअरिंगमध्ये अचानक वाढलेला रिकामा फेरा, खाली जाणारं ब्रेक पेडल, बेअरिंगचा खरखरीत आवाज आणि सोबत चाकाचा प्ले. बॉल जॉइंट निखळला की चाक बाहेर कोलमडतं आणि स्टीअरिंगला काही अर्थ उरत नाही.

बॉल जॉइंट आणि बेअरिंग दाबून बसवायला प्रेस लागतो. लोअर आर्मचे बुश अनेक गाड्यांत चाकं जमिनीवर टेकलेल्या उंचीला आवळावे लागतात, हवेत आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटतं. स्प्रिंग दाबणं तर प्राणावर बेतणारं काम आहे. शाफ्टचं बॅलन्स मशीनशिवाय होत नाही. ही सगळी कामं जाणकाराकडेच.

पैसे मोजण्याआधी गाडीचा १७ अंकाक्षरांचा चॅसिस क्रमांक उत्पादकाच्या रिकॉल यादीत (दोष दुरुस्तीसाठी परत मागवलेल्या गाड्यांच्या यादीत) घालून पाहा. स्टीअरिंग, सस्पेन्शन आणि ब्रेक यांचे रिकॉल अनेक मॉडेलांना झालेले असतात. ते काम उत्पादक सहसा मोफत करतो आणि ते गाडीला लागू असतं, मालक कितवा आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. आधीच्या मालकाने रिकॉलचं पत्र उघडलंच नसेल, असं वापरलेल्या गाड्यांत नेहमी दिसतं.

मेकॅनिककडे जाताना "गाडी व्हायब्रेट होते" एवढंच सांगू नका. लिहिलेला कागद पुढे करा: किती वेगाला सुरू, कितीला बंद, हातात की सीटमध्ये, ब्रेकवर बदलते का, ॲक्सिलरेटरवर बदलते का, चाकं पुढे-मागे केल्यावर काय झालं, टायरचे डीओटी आकडे. भाग बदलायचा ठरला तर जुना भाग गाडीवर असतानाच त्यातला प्ले तुमच्या डोळ्यांसमोर हलवून दाखवायला सांगा, आणि काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, मेकॅनिकला शेजारी बसवून फेरी मारा.